भित्र्या वकीलबाई

वकीलबाईंनी मला एकदाही ‘घाबरू नकोस’ असं म्हटलं नाही. त्या दिवसांत हे वाक्य मला जो भेटेल तो ऐकवत होता. आई म्हणायची, मावशी म्हणायची, लॅबमधल्या मैत्रिणी म्हणायच्या, चौकीवरच्या हवालदारबाईही म्हणाल्या. वकीलबाईंनी मात्र माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “घाबरण्यासारखंच आहे हे. ऐकून मलासुद्धा भीती वाटतेय.” नुसतं बोलायचं म्हणून बोलल्या नव्हत्या. त्यांच्या हातातलं पेन खरोखर थरथरत होतं.

मी तेव्हा कांदिवलीचं सासर सोडून कांजूरमार्गला आईकडे आले होते. सोडून कसलं, नवऱ्याने मला दाराबाहेर काढून आतून कडी लावली आणि चार वर्षांची स्वरा आतच राहिली. माझा नवरा आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. शेजाऱ्यांना तो फार सज्जन वाटायचा. मारायच्या आधी तो मनगटावरचं घड्याळ काढून फ्रिजवर ठेवायचा, शांतपणे, जसं एखादा आंघोळीला जाताना ठेवतो तसं. ते घड्याळ फ्रिजवर टेकल्याचा आवाज आला की मी स्वराला आतल्या खोलीत ढकलायचे. आईकडे आल्यावर त्याचा एकच फोन आला. “कोर्टात गेलीस तर पोरगी कुठल्या गावाला आहे तेही कळणार नाही तुला.” त्यानंतर आमच्या चाळीसमोर रोज एक बाइकवाला येऊन थांबायला लागला. काही बोलायचा नाही. नुसता वर बघत बसायचा.

खासगी वकील परवडणार नाही, हे चौकीवरच्या हवालदारबाईंना माझ्याकडे बघूनच कळलं असावं. त्या म्हणाल्या, “कोर्टात तळमजल्याला विधी सेवेचं ऑफिस आहे. तिथे जा. बाईमाणसाला सरकार मोफत वकील देतं, पगार कितीही असू दे.” जन्म मुंबईत गेला, पण असं काही असतं हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आईचा काही विश्वास बसेना. ती मालवणची. म्हणाली, “फुकटचो वकील म्हणजे रेशनचो तांदूळ. खडेच जास्त गावतले.” आणि वकीलबाईंना भेटून बाहेर पडल्यावर तर जिन्यातच तिने कपाळाला हात लावला. “हात बघलंस तिचो? तीच लटलट कापता, ती तुझी केस काय लढतली?”

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. वकीलबाई पन्नाशीच्या, बुटक्या, घट्ट अंबाडा घालणाऱ्या. काळ्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. थरथर झाकायला त्या मुद्दाम लांब शिवून घेतल्या होत्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. कोर्टातले बाकीचे वकील त्यांना मागून ‘भित्र्या बाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. “चूक काय आहे त्यात?” एवढंच म्हणायच्या.

त्यांची काम करायची पद्धत निराळी होती. काय झालं, कधी झालं, हे त्या नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, “सगळ्यात जास्त भीती कशाची?”

“नवऱ्याची,” मी म्हटलं.

“नवरा म्हणजे फार मोठं झालं. नवरा काय करेल याची?”

 मग तोंडातून आलं, “स्वराला कुठेतरी नेऊन लपवेल. ती मोठी होईल आणि मला ओळखणार नाही.”

“मग ते अर्जात पहिलं. मारहाण, दागिने, पोटगी, सगळं त्याच्याखाली.” त्या लिहायला लागल्या. लिहिता लिहिता त्यांनी माझ्याकडून ते घड्याळाचंही काढून घेतलं, जे मी आईलाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “हे नको ना मॅडम. कोर्टात हसतील.” त्या म्हणाल्या, “हसू देत. हसून झालं की वाचतील.”

त्यांच्यासाठी काही न्यावं तर ती सोय नव्हती. आई एकदा खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन आली. त्यांनी तो हातसुद्धा न लावता परत सरकवला. “मावशी, सरकार मला जे द्यायचं ते देतं. मी तुमच्यावर उपकार करत नाहीये. हे हक्काचं आहे. तुम्ही वडी दिलीत की मग ते फुकटचं होतं.” आईला राग आला, पण त्या दिवसापासून रेशनच्या तांदळाची गोष्ट बंद झाली.

वकीलबाई कशाकशाला घाबरत ते सांगायला बसले तर दिवस जाईल. लिफ्टला घाबरत, म्हणून चार चार मजले जिने चढत. कुत्र्यांना घाबरत. मोठ्या वकिलांच्या मोठ्या आवाजाला घाबरत. मी घाटकोपरला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. एकदा डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या म्हणून त्या माझ्याकडेच आल्या. खुर्चीत बसल्या, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागल्या. मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. कान देऊन ऐकलं तर माझाच अर्ज! “अर्जदार हिचे म्हणणे असे की, सामनेवाला हा…” मला इतकं हसू आलं की सुई बाजूला ठेवावी लागली. कित्येक महिन्यांत मी तशी हसले नव्हते.

पण कोर्टाचे दिवस हसण्याचे नव्हते.  नवरा तिथल्या व्हरांड्यात इस्त्रीचा शर्ट घालून उभा असायचा. माझ्याकडे बघून हसायचा आणि मनगटावरचं घड्याळ सारखं करायचा. एवढंच. दुसऱ्या कोणाला त्यात काही दिसलं नसतं. माझे मात्र पाय जागच्या जागी थिजायचे. वकीलबाई तेव्हा माझ्या आणि त्याच्या मधोमध येऊन चालायला लागायच्या. त्यांचा खांदा माझ्या दंडाला लागायचा आणि तो खांदाही कापत असायचा. का कोण जाणे, त्यामुळे मला चालता यायचं.

स्वराच्या ताब्याचा अर्ज चालला त्या दिवशी समोर नवऱ्याचा वकील होता, उंच, भारदस्त आवाजाचा. वकीलबाई बोलायला उभ्या राहिल्या, तर हातातले कागद असे वाजायला लागले की मागच्या बाकापर्यंत ऐकू यावेत. तो वकील वळून म्हणाला, “मॅडम, पाणी घ्या. तब्येत बरी दिसत नाही.” दोन-चार जण हसले. मला वाटलं, लागली वाट. वकीलबाईंनी खरंच ग्लास घेतला, सगळं पाणी प्यायल्या, त्याला ‘थँक्यू’ म्हणाल्या आणि पुन्हा बोलायला लागल्या.

“साहेब, माझा एकच प्रश्न आहे. मुलगी आत्ता कुठे आहे?”

“मुलगी वडिलांकडे सुखरूप आहे,” तो वकील म्हणाला.

“कुठे?”

“घरी.”

“कुठल्या घरी?”

“साहेब, हे काय चाललंय? घर म्हणजे घर!”

“पत्ता सांगावा. मी लिहून घेते.”

त्यांचा आवाज शेवटपर्यंत कापराच राहिला. पण त्या प्रश्नावरून हटल्या नाहीत. शेवटी न्यायाधीशांनीच नवऱ्याला सरळ विचारलं आणि तो पहिल्यांदा अडखळला. त्या दिवशी हुकूम झाला की मुलगी आईच्या ताब्यात द्यावी आणि पोलिसांनी त्यासाठी मदत करावी.

कोर्ट सुटलं तरी वकीलबाई आम्हाला लगेच बाहेर पडू द्यायच्या नाहीत. समोरची माणसं निघून जाईपर्यंत कँटीनमध्ये बसवून ठेवायच्या. त्या दिवशी मी धीर करून विचारलं, “मॅडम, तुम्हाला एवढी भीती वाटते, मग हेच काम कशाला घेतलंत?”

त्या चहा ढवळायला लागल्या. “आधी नव्हती वाटत. माझी एक अशील होती, तुझ्याच वयाची. तिला कोर्टाने नवऱ्याच्याच घरात राहायच्या हक्काचा हुकूम दिला होता. मीच मिळवून दिला होता म्हण ना. ती म्हणाली, मॅडम, मला आज घरी जायला भीती वाटते. मी म्हटलं, अगं, हातात ऑर्डर आहे, घाबरू नकोस, जा. ती गेली.”

“मग?”

“मग काय? पुढच्या तारखेला केस बंद झाली. अर्जदार मयत.”

कपातला चहा गार झाला तरी त्या प्यायल्या नाहीत. 

हुकूम बजावायला वकिलाने जायचं नसतं. पण कांदिवलीला जायच्या दिवशी वकीलबाई पोलीस ठाण्याच्या दारात आधीच येऊन उभ्या होत्या. “घरी बसून जास्त भीती वाटली असती,” म्हणाल्या. बरोबर एक फौजदार आणि एक तरुण महिला शिपाई. आम्ही तिसऱ्या मजल्यावर जिन्याने गेलो. बेल वाजवली. नवऱ्याने दार उघडलं, सगळ्यांना नमस्कार केला. “या ना साहेब, चहा घेणार?” घर नेहमीसारखं आवरलेलं होतं. फक्त स्वरा नव्हती. तिच्या चपला नव्हत्या, दप्तर नव्हतं, गॅलरीत वाळत घातलेला एकही फ्रॉक नव्हता. जणू त्या घरात मूल कधी नव्हतंच.

“गावी गेलीय आजीबरोबर,” तो म्हणाला. “कुठल्या गाडीने, काही कल्पना नाही.”

 मी भिंतीला धरून उभी राहिले. फौजदार वहीत काहीतरी लिहू लागले, तेवढ्यात नवरा वकीलबाईंच्या जवळ गेला आणि अगदी काळजीने बोलावं तसा बोलला, “मॅडम, मुलुंडला तुमच्या बिल्डिंगला वॉचमन नाही ना? एकट्या राहता. सांभाळून राहत जा.”

वकीलबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.  मला वाटलं, संपलं, आता या जातील. कोणीही गेलं असतं. त्या फौजदारांकडे वळल्या. “साहेब, हे वाक्य पंचनाम्यात घ्या. मी सांगते तसं लिहा. आणि माझ्या बिल्डिंगला वॉचमन नाही हे खरं आहे, तेही लिहा.” एकेक शब्द तुटत होता, पण त्यांनी ते वाक्य पुरं सांगितलं. नवऱ्याने मुलुंडचं नाव कसं घेतलं, कुठे उभा होता, सगळं.

मग त्या दाराबाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. “माझे पाय चालत नाहीयेत,” त्या म्हणाल्या. “मुलगी मिळेपर्यंत मला उठता यायचं नाही.” ते नाटक नव्हतं, मी त्यांचे गुडघे बघत होते. पण काळ्या कोटातली बाई जिन्यात बसली म्हटल्यावर शेजारची दारं उघडली. समोरच्या काकू आल्या, वरच्या मजल्यावरचे दोघे आले. “काय झालं? काय झालं?” माझे सासरे इतका वेळ आतल्या खोलीच्या दारात उभे होते. नोकरीत कधी कोणाशी भांडले नाहीत, घरातही मुलासमोर कधी तोंड उघडलं नाही, असा तो माणूस. त्यांनी जिन्यातल्या त्या बाईकडे पाहिलं, शेजाऱ्यांकडे पाहिलं.

“वर्सोव्याला आहे,” ते म्हणाले. “माझ्या मुलीकडे.”

“बाबा!”

नवऱ्याचा हात मनगटावरच्या घड्याळाकडे गेला. आणि तेव्हा मला कळलं की आज ते माझ्यासाठी नाही, त्याच्या बापासाठी आहे. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. फौजदार दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले, शिपाई मुलीने सासऱ्यांना हाताला धरून बाहेर आणलं. त्या रात्री ते आपल्या भावाकडे गेले आणि पुन्हा त्या घरात राहायला गेले नाहीत.

मग आम्ही वर्सोव्याला निघालो. मला एकच भीती, आमच्या आधी त्याचा फोन तिथे पोचला असेल. नणंदेचं घर कोळीवाड्याच्या टोकाला, बांबूंवर बोंबील वाळत घातलेल्या मोकळ्या जागेपलीकडे. त्या जागेच्या दुसऱ्या बाजूला, पायरीवर, स्वरा बसली होती. तिचे केस कोणीतरी बारीक कापून टाकले होते. मी हाक मारली. ती धावत आली नाही. तिने आधी माझ्या मागे पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. “पप्पा आलेत?” तिने तिथूनच विचारलं. मी ‘नाही’ म्हटलं तरी ती उठेना. मी पुढे गेले तर ती पायरीला चिकटून बसली. शिपाई मुलगी म्हणाली, “उचला ना मॅडम, तुमचीच आहे.” पण माझ्याच्याने तिला ओढून आणवेना.

आमच्या आणि तिच्या मध्ये जाळ्यांच्या ढिगाजवळ एक काळं कुत्रं पसरलं होतं. वकीलबाई दोन पावलं पुढे गेल्या आणि तिथेच थांबल्या. “स्वरा,” त्या म्हणाल्या, “मला त्या कुत्र्याची फार भीती वाटते गं. तू मला हात धरून नेशील?”

स्वराने त्यांच्याकडे पाहिलं. एवढी मोठी बाई थरथरतेय, हे तिला लांबूनही दिसलं असणार. ती उठली. कुत्र्याला ‘हड’ म्हणाली, येऊन वकीलबाईंचं बोट धरलं आणि त्यांना वळसा घालून, कुत्रं आपल्या बाजूला ठेवून, माझ्यापर्यंत घेऊन आली. “चावत नाही ते,” तिने त्यांना सांगितलं. मग माझ्या पायांना मिठी मारली. नणंद दारात आली होती. ती आत गेली आणि स्वराचं दप्तर आणून शिपाई मुलीच्या हातात दिलं.

पुढे सगळं गोड झालं, असं काही नाही. त्या आठवड्यात वकीलबाईंच्या दारावर कोणीतरी काळं ऑइल फेकलं. त्यांनी तक्रार दिली, लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं आणि पुढच्या तारखेला हजर झाल्या. मी म्हटलं, “मॅडम, माझी केस सोडा. दुसरं कोणीतरी देतील ऑफिसातून.” त्या म्हणाल्या, “सोडली तर रात्री झोप लागणार नाही. तशीही लागत नाही, पण निदान एकाच कारणाने लागत नाही.”

या केसचा शेवटचा हुकूम झाला त्या दिवशी त्यांनी मला त्याची नक्कल दिली आणि बजावलं, “हे दाराचं कुलूप आहे, समज. कुलूप असलं तरी चोर येतो. पण मग आवाज होतो, चार माणसं जागी होतात. तू रोज आजूबाजूला बघूनच चाल.” मी तशीच चालते. स्वरा आता मराठी शाळेत पाचवीला आहे. वर्गाच्या दारातून आधी बाहेर बघते, मग बाहेर पडते.

मधे बरेच दिवस त्यांचा फोन नव्हता. ऑफिसातल्याच दुसऱ्या वकिलांकडे असलेल्या माझ्या घटस्फोटाच्या केसचा निकाल लागला, तेव्हा आईच म्हणाली, “त्या बाईक आधी कळव. देवाक मागसून.” मी फोन लावला. पुरुषाचा आवाज आला. वकीलबाईंचा भाऊ. त्याने सांगितलं, ताई गेली. आजार जुना होता. इस्पितळात फार दिवस काढावे लागले नाहीत.

“तुम्ही कोण?” त्याने विचारलं.

“त्यांची अशील.”

 “माफ करा, कोणालाच कळवलं नाही आम्ही. तिनेच सांगितलं होतं. अशिलांना इतक्यात सांगू नका, म्हणाली, घाबरतील.”

मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. भाऊ आणि भावजय सामान आवरायला आले होते. भाऊ बँकेतून निवृत्त झालेला, साधा माणूस. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग संकोचून विचारलं, “ताई कोर्टात नेमकं काय करायची हो? आम्हाला वाटायचं, सरकारी ऑफिसात अर्ज-बिर्ज लिहून देत असेल. घरात झुरळ दिसलं तर पलंगावर चढून बसायची ती. आम्ही फार चिडवायचो तिला.”

मी म्हटलं, “त्या माझ्याबरोबर कांदिवलीला आल्या होत्या.”

“कांदिवलीला? कशाला?”

मी सांगायला लागले. नवरा जवळ येऊन त्यांना काय म्हणाला, इथपर्यंत आले, तेव्हा भावाने हात वर करून मला थांबवलं. चष्मा काढला. आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “अगं, गॅस बंद कर आणि बाहेर ये. ताईचं सांगतायत.”

भावजय पदराला हात पुसत आली आणि बांधून ठेवलेल्या सामानावरच बसली.

“पहिल्यापासून सांगा,” भाऊ म्हणाला.